घशातली गुंतवळ

लिलाव संपला की मासळीबाजारातली माणसं एरवी एकमेकांचं तोंड बघायलाही थांबत नाहीत. पेट्या उचलायच्या, फरशीवर पाण्याचा पाइप फिरवायचा, गमबूट काढून उलटे टांगायचे आणि घर गाठायचं. पण हल्ली लिलाव आटपला की अख्खा हॉल बर्फखोलीच्या दारापाशी गोळा व्हायचा. पुढच्यांच्या खांद्यांवर मागच्यांच्या हनुवट्या. आत, बर्फ फोडायच्या लाकडी ओट्यावर, पांढरा पायघोळ अंगरखा घालून कंठगुरू बसलेले. समोर काचेचं मोठं भांडं, त्यात नितळ पाणी. शेजारी गुळणीच्या पेल्यांची रांग.

त्या दिवशी ओट्यापुढे एक तरणा लिलाववाला उकिडवा बसला होता. आवाज पार बसलेला.

"जीभ सरळ असते, बाळा," कंठगुरू म्हणाले. त्यांचा आवाज मात्र मधात बुडवून काढल्यासारखा. "शब्द वाकडे असतात. खरा शब्द हवेत जातो, खोटा शब्द घशात राहतो. एकावर एक साठतो आणि मग त्यांची होते गुंतवळ. कंगव्यात केसांची होते ना, तशी. खरं सांग, सकाळपासून किती वेळा म्हणालास, मासळी आत्ताच उतरलीय म्हणून?"

"म्हणालो असेन चारपाचदा."

"आणि उतरली कधी होती?"

"परवा."

मागे हशा पिकला. त्या हशात बाकीच्या लिलाववाल्यांचा आवाज सगळ्यात मोठा, कारण त्यांचीही मासळी परवाचीच होती.

"मग घे गुळणी. गिळायची नाही. घशात खळखळव, आणि ओठ आवळून बारीक धारेनं भांड्यात सोड."

पोरानं मान मागे टाकून खळखळ केली, ओठांचा चंबू केला आणि धार सोडली. धार पाण्यात शिरली आणि तिचा धागा झाला. करडा, ओला, लांबच लांब धागा. पाण्यात वेटोळी घेत खाली बसला. लोकांनी तोंडात बोटं घातली. कंठगुरूंनी चिमट्यानं ती गुंतवळ उचलून सगळ्यांना दाखवली, आणि ती तुटली नाही, नुसती लोंबत राहिली.

"बोल आता."

"बरं वाटतंय," पोरगा म्हणाला, आणि खरंच त्याचा आवाज जरा मोकळा झाला होता.

कंठगुरू पैशाला शिवत नसत. मासळीच्या पेटीला शिवत. आणि ती पेटी मात्र आत्ताच उतरलेली लागे.

गर्दीच्या मागच्या टोकाला एक बाई टाचा उंचावून उभी होती. बाजाराच्या फाटकावर, पहिल्या मजल्यावर तिचा दातांचा दवाखाना. सगळा बाजार तिला ताई म्हणायचा. दाढ काढताना रडलेल्या माणसाला दुसरं काही म्हणता येत नाही. ताईची एक खोड होती, माणसाचं बोलणं ऐकायच्या आधी ती त्याचे दात बघायची. कंठगुरूंचे पुढचे दोन दात बसवलेले होते, आणि चांगल्या ठिकाणी बसवलेले होते. म्हणजे हा माणूस स्वतःच्या तोंडासाठी नीट डॉक्टर गाठतो, एवढं तिनं मनात टिपून ठेवलं.

पण ती चमत्कार बघायला आली नव्हती, भावाला शोधायला आली होती. तो आज सकाळी इस्पितळात असायला हवा होता, आणि तिथून नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता, "तुझा भाऊ आज पुन्हा आला नाही."

भाऊ सापडला. रांगेत, पुढून तिसरा.

हा भाऊ म्हणजे हॉलचा सगळ्यात मोठा आवाज. सगळे त्याला भोंगा म्हणत. तो भाव पुकारू लागला की बंदरातल्या बोटींना कळे आज बाजार चढा आहे की पडलेला. वय चाळिशीच्या अलीकडे, तब्येत घोड्यासारखी, सिगारेट कधी ओढली नाही. आणि मानेच्या उजव्या बाजूला, जबड्याच्या खाली, सुपारीएवढी गाठ.

आता दुसरीकडे कुठे अशी गाठ आली तर बायको किंवा शेजारी म्हणाला असता, दाखवून ये. पण या हॉलचं शास्त्र निराळं होतं. जुन्या लिलाववाल्यांच्या माना ओरडून ओरडून जाड झालेल्या असत, शिरा दोरखंडासारख्या, एखाद्याला फुगवटाही असे. त्यामुळे मानेला काही आलं की त्याला इथे बिल्ला म्हणत. शिकाऊ पोरं आरशात मान वळवून वळवून बघत, आपल्याला बिल्ला कधी येणार. भोंग्याला गाठ आली त्या दिवशी मुकादमानं सगळ्यांना चहा पाजला होता.

ताईच्या हाताला ती गाठ लागली तेव्हा तो दाताचा टवका उडाला म्हणून खुर्चीत बसला होता. तिनं मान चाचपली. गाठ दुखत नव्हती, हलतही नव्हती फारशी.

"कधीपासूनची?"

"बिल्ला आहे तो, ताई. आहे दोनतीन महिने."

"ओरडून स्नायू दुखतात, जाड होतात. अशी गोटी येत नाही. आणि दुखत नाही हे मला दुखण्यापेक्षा वाईट वाटतंय."

तिनं त्याला हाताला धरून आपल्या कॉलेजातल्या मैत्रिणीकडे नेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी घशात दुर्बीण घातली, गाठीतून सुईनं पेशी काढून तपासायची तारीख दिली, आणि मग काही प्रश्न विचारले. ताई तेव्हा पैसे भरायला खिडकीवर गेली होती. भाऊ आतून आला तो उकडलेल्या खेकड्यासारखा लाल होऊन. गाडीत बसेपर्यंत बोलला नाही, बसल्यावरही बोलला नाही. ज्याचा आवाज बंदरात ऐकू जातो त्याला गप्प करणारं काहीतरी आत घडलं होतं. त्यानंतर सुईची तारीख आली आणि गेली. आज दुसरी होती.

"चल," ताईनं रांगेत त्याचं कोपर धरलं. "डॉक्टरीणबाई थांबल्यात."

"झाल्यावर जाऊ."

"काय झाल्यावर?"

"हे." त्यानं भांड्याकडे मान उडवली. "लोक बघतायत, ताई. सोड."

त्याची पाळी आली. कंठगुरूंनी गाठीवरून अंगठा फिरवला आणि डोळे मिटले. "अरे बापरे. इथे तर खोट्याचं गोदाम आहे. ही एका बैठकीची गोष्ट नाही. आणि ऐक, सुई लावायला सांगितलंय ना कोणी तुला?"

भोंगा दचकला. मागे कुजबुज झाली, गुरूंना कसं कळलं. ताईला कळलं कसं ते. ज्या माणसाच्या मानेवर सुपारीएवढी गाठ आहे त्याला कोणी ना कोणी सुई सांगितलेली असतेच.

"सुई लावू नकोस. गुंत्यात सुई गेली की गुंता आवळतो."

इतका वेळ ताईला हे सगळं रविवारच्या तमाशासारखं वाटत होतं. या एका वाक्याला तिचं हसू मावळलं. दात गेला तर नवा बसवता येतो. महिना गेला तर कुठून आणायचा?

भोंग्यानं गुळणी केली. पण त्याच्या छातीचा जोर असा की बारीक धार सोडायला त्याला जमेना. सगळं तोंडातलं एकदम भांड्यात पडलं. धागा झालाच नाही. एक गुळगुळीत करडा गोळा झाला आणि बुडाला टेकला.

"बघा," कंठगुरू क्षणभर थबकून म्हणाले, "मूळ गाठच सुटली."

टाळ्या पडल्या. भाऊ टाळ्या घेत ताईच्या शेजारून निघून गेला, तिच्याकडे न बघता. गर्दी पांगताना ताईनं ओट्याच्या कडेला चिकटलेला एक धागा रुमालात घेतला.

दवाखान्यात आल्यावर तिनं तो धागा बोटांत चोळला. चिवट, रबरासारखा, जरा गारेगार. हा स्पर्श तिच्या बोटांना इतका ओळखीचा होता की तिला स्वतःचाच राग आला. दातांचा साचा घ्यायचा असला की ती एक गुलाबी पावडर पाण्यात कालवते, तिचा लगदा ट्रेमध्ये भरून माणसाच्या तोंडात दाबते, आणि बघता बघता त्याचं रबर होतं. ट्रेच्या कडेला जे उरतं ते ती रोज नखानं खरवडते. तेच हे. रंग निराळा, एवढंच.

संध्याकाळी भावजय आली. ती शाळेची बस चालवायची. पोरांना उतरवून, बस फाटकाबाहेर आडवीतिडवी लावून, जिना धडधडत चढून आली आणि खुर्चीत बसली ती रोग्याच्याच.

"ताई, आज तरी गेले होते का इस्पितळात?"

"बर्फखोलीत गेला होता."

"वाटलंच." तिनं कपाळावर हात मारला. "मला म्हणाले, मूळ गाठ सुटली. मी हात लावून बघितलं. होती तिथेच आहे."

ताईनं वाटीत पावडर कालवून तिच्या तळहातावर ओतली. "हलू नकोस."

भावजय बघत राहिली. लगदा आळला, थरथरीत झाला, मग सोलून हातावेगळा करता आला. तळहाताच्या रेषा त्यात उमटल्या होत्या.

"समुद्रातल्या शेवाळातून काढतात ही पावडर," ताई म्हणाली. "नुसती पाण्यात घातली तर दाट, बुळबुळीत पाणी होतं. त्याला कॅल्शियमचा क्षार भेटला की लगेच आळतं. माझ्या पावडरीत क्षार आधीच मिसळलेला असतो. तुमचे गुरू दोन्ही वेगळी ठेवतात. शेवाळाचं पाणी पेल्यात, क्षार भांड्यात. काळसर रंगाला थोडा कोळसा. आणि घशाला बरं वाटावं म्हणून मध आणि पुदिन्याचा अर्क, वास येत होता मला."

"म्हणजे घशातून काही निघतच नाही."

"थुंकी निघते."

भावजय हसली नाही. तिनं तो रबरी तळहात आपल्या तळहातावर परत ठेवला, बोटाशी बोट जुळवून. "ताई, हे त्यांना सांगून उपयोग नाही. ते तितके भोळे नाहीत हो. वेगळंच काहीतरी आहे. त्या डॉक्टरीणबाईंकडून आल्यापासून माझ्याशी नीट बोलत नाहीत. मी काल त्यांच्या खिशातली चिठ्ठी बघितली. एचपीव्ही, असं लिहिलंय आणि पुढे प्रश्नचिन्ह. मी मोबाइलवर शोधलं."

"आणि काय सापडलं?"

"नको ते सगळं सापडलं." ती खिडकीबाहेर आपल्या बसकडे बघू लागली. "तोंडाच्या संबंधातून येतो म्हणे. म्हणजे कुणाकडून आला, हा प्रश्न आलाच ना? रात्रभर मी एकेकीचा चेहरा डोळ्यांसमोर आणला. बर्फवाल्याची बहीणसुद्धा सोडली नाही."

ताईनं हातमोजे काढले आणि स्टूल ओढून समोर बसली.

"ऐक. एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. त्याचे पुष्कळ प्रकार आहेत. शरीरसंबंध सुरू झालेल्या बहुतेक माणसांना, बायकांना आणि पुरुषांना, कधी ना कधी यातला कुठला तरी भेटतो. मुखमैथुनातून तो घशात जातो. कळतही नाही, ताप नाही, खोकला नाही. शरीर आपणच त्याला वर्षा-दोन वर्षांत हुसकावतं. अगदी थोड्या जणांच्या घशात तो बसून राहतो, जिभेच्या मुळाशी, टॉन्सिलमध्ये. वर्षानुवर्षं, कधी वीसवीस वर्षं गप्प. आणि त्यातल्या काहींना कॅन्सर होतो, पुरुषांना जास्त."

"वीस वर्षं?"

"म्हणजे तुमच्या लग्नाच्याही आधी. त्याचा असेल, तुझाही असेल."

"माझा?" भावजय सरळ बसली. "माझ्याकडूनही गेला असेल?"

"असू शकेल. कुणाकडून आला, कधी आला, हे सांगणारी तपासणीच नाही."

"मग भांडायचं कुणाशी?"

"कुणाशीच नाही."

"हे वाईट झालं, ताई. मी सगळी तयारी करून आले होते."

आता दोघी हसल्या, आणि हसता हसता भावजयीनं डोळे पुसले. "कॅन्सरच आहे का?"

"माहीत नाही. ते सुई सांगेल. पण असलाच तर या विषाणूचा कॅन्सर लवकर पकडला की उपचाराला पुष्कळदा चांगली दाद देतो. म्हणूनच माझा जीव टांगणीला लागलाय. त्या बर्फखोलीत बैठका चालू आहेत आणि इकडे वेळ चाललाय."

दुसऱ्या दिवशी लिलाव संपला तेव्हा ताई रांगेत सगळ्यांच्या पुढे होती. अंगावर पांढरा कोट, खिशात सुई नसलेली प्लॅस्टिकची पिचकारी, जिनं ती दात धुते, आणि हातात घरचं एक स्टीलचं पातेलं. भोंगा तिच्या मागे दोन माणसं सोडून. त्याला पातेलं बघूनच घाम फुटला.

"या ताई," कंठगुरू म्हणाले. डॉक्टर बाई आपल्या रांगेत म्हणजे जाहिरातच. "तुम्हीही खोटं बोलता?"

"रोज. अजिबात दुखणार नाही, म्हणते."

हॉल खदखदून हसला. यातल्या अर्ध्या तोंडांना ते वाक्य पाठ होतं.

"मग तुमच्या घशात तर दोरखंड असेल," गुरूंनी पेला पुढे केला.

ताईनं तो घेतला, गुळणी केली नाही. पेल्यात पिचकारी बुडवून भरून घेतली आणि भांड्यात बारीक धार सोडली. धागा झाला. काय धागा झाला. आजवर कुठल्याही घशातून इतका लांब, एकसारखा, न तुटणारा धागा निघाला नव्हता. ताईनं पाण्यात तीन गोल काढले, मग एक फूल काढलं, पाकळ्यांसकट.

बर्फखोलीत बर्फ वितळल्याचं ऐकू येऊ लागलं.

"गुरुजी," ताई म्हणाली, "हा पेला कुठल्या लिलावात खोटं बोलला?"

कंठगुरू कच्चे खेळाडू नव्हते. "हात कुणाचा होता? तुमचाच ना? माणसाचं खोटं बोटांच्या टोकांपर्यंत उतरतं, ताई. पेला निर्दोष आहे."

"पटलं," ताई म्हणाली. "मग आता हातही माझा आणि तोंडही माझं."

तिनं मुकादमाकडून पातेल्यात नळाचं पाणी भरून घेतलं. त्याच पेल्यातली गुळणी तोंडात घेतली, मान मागे टाकून सगळ्यांना ऐकू जाईल अशी खळखळवली, आणि बारीक धारेनं पातेल्यात सोडली. लोक पातेल्यावर वाकले. पाणी जरा करडं झालं. बस्स. धागा नाही, गोळा नाही, काही नाही.

"इतक्यात मी खरं बोलायला लागले की काय?" ताईनं तोंड पुसलं. "का जादू भांड्यात आहे? मुकादम, या पातेल्यात त्या भांड्यातलं थोडं पाणी घाला बघू."

मुकादमानं घातलं. पातेल्यात गुठळ्या धरल्या, ढगासारख्या, मग दह्यासारख्या.

मग तिनं शेवाळाची आणि क्षाराची गोष्ट सांगितली, साध्या शब्दांत. ज्या क्षारानं बर्फाचा कारखाना पाणी गार ठेवतो त्याचाच हा भाऊ, असं म्हणताच बर्फवाल्यानं मान डोलावली. काल आवाज मोकळा झालेला पोरगा पुढे झाला. "पण ताई, मला बरं वाटलं ते?"

"मध आणि पुदिना. दुकानात मिळतात. आणि आवाज बसला असेल तर गुळणीपेक्षा एक काम कर, दोन दिवस गप्प बस."

"दोन दिवस? मग घरी काय खाऊ?"

"ताजी मासळी विक. कमी ओरडावं लागतं."

हशाचा असा लोंढा आला की त्यात कंठगुरूंनी भांडं केव्हा ओतलं आणि पेले केव्हा गोळा केले कळलंही नाही. पेटी मात्र त्यांना उचलता आली नाही, तिच्यावर मुकादम बसला होता.

सगळे हसत होते. एक जण सोडून. भोंगा भिंतीला टेकून उभा होता, हात मानेवर. ताई त्याच्याजवळ गेली. जिंकल्याचा सगळा आनंद तिच्या चेहऱ्यावर होता आणि त्याला बघून तो उतरला.

"मला माहीत होतं," तो हळू म्हणाला. "काल तो गोळा पडला तेव्हाच कळलं. घशातून असं काही जाताना जाणवलं असतं ना मला."

"आणि तरी आज रांगेत उभा राहिलास?"

"इथे म्हणतात, तू मासळी विकताना खोटं बोललास म्हणून गाठ आली. सगळे हसतात, मीही हसतो. तुझी मैत्रीण काय विचारत होती माहितीय? दार उघडं टाकून. बाहेर एक आजी बसल्या होत्या, ताई. हे मला परवडतं. ते परवडत नाही."

ताईला एकदम सगळा हिशेब कळला. गुरू लोकांना बरं करत नव्हता, पण त्यांना सांगण्यासारखं कारण देत होता. तिनं चमत्कार मोडला होता आणि भावाच्या हातातलं तेवढं कारणही काढून घेतलं होतं. आता त्याला द्यायला तिच्याकडे काय होतं? डॉक्टर म्हणून पुष्कळ होतं. बहीण म्हणून जीभ उचलेना.

फाटकाबाहेर बसचा हॉर्न वाजला. एकदा, मग जरा लांब. भावजय शाळेची फेरी संपवून आली होती. ती ओल्या फरशीवरून, पेट्यांच्या मधून, थेट नवऱ्यापुढे येऊन उभी राहिली.

"मला सगळं माहितीये," ती म्हणाली. कुजबुजून नाही आणि ओरडूनही नाही. "चिठ्ठी वाचली. ताईंनी समजावलं. तो विषाणू कदाचित मीच दिला असेल तुम्हाला."

भोंग्यानं तिच्याकडे बघितलं.

"किंवा तुमचा तुम्हीच आणला असेल, मला भेटायच्या आधी. कुणालाच कळणार नाही. मी तुम्हाला एकदाही विचारणार नाही, तुम्ही मला विचारायचं नाही. त्या आजींना काय वाटलं याच्याशी मला देणंघेणं नाही. मला नवरा हवाय. बसमध्ये बसा."

"शाळेची बस आहे ती."

"रिकामी आहे. पट्टा लावायचा, खिडकीतून हात बाहेर काढायचा नाही."

आणि हॉलमधला सगळ्यात मोठा आवाज, एक शब्द न बोलता, लहान पोरांच्या ठेंगण्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसला आणि इस्पितळात गेला. वाटेत मागे वळून त्यानं मागच्या सीटवरच्या ताईला एवढंच म्हटलं, "या वेळी दार लावायला सांग."

सुईनं सांगितलं ते चांगलं नव्हतं. टॉन्सिलच्या आत, डोळ्याला दिसणार नाही अशा जागी कॅन्सर सुरू झाला होता, आणि मानेतली गाठ हा त्याचाच फाटा. विषाणूचाच होता. उपचार सुरू झाले. किरणांनी गळा आतून सोलवटला. काही आठवडे भोंगा पातळ खिरीवर जगला, चव गेली, वजन उतरलं, आणि घरात इतकी शांतता पसरली की भावजय बसमधल्या पोरांना जरा दंगा करा म्हणू लागली. मग हळूहळू तो सावरला. आवाज परत आला, पण जाडाभरडा, सॅंडपेपरसारखा. तोंड कोरडं पडतं म्हणून पाण्याची बाटली सतत हाताशी. तपासण्या पुढची काही वर्षं चालायच्या आहेत. डॉक्टरीणबाई म्हणतात, वेळेवर आलास. किती वेळेवर ते त्यांना विचारायचं धाडस कुणी केलेलं नाही.

हॉलमध्ये बिल्ला हा शब्द बंद झाला. हुकूम कुणी काढला नाही. भोंग्याकडे बघून तो कुणाच्या जिभेवर येईना.

आणि ताईच्या दवाखान्यात एक नवीन साथ आली. तरणी पोरं एकेकटी यायची, दाढ दुखते म्हणायची, खुर्चीत बसायची, तोंड उघडायची. दाढ ठणठणीत. मग ताई आरसा बाजूला ठेवायची आणि दार लावून घ्यायची.

"विचार."

ती विचारायची, छताकडे बघत. ताई सांगायची, त्यांच्याकडे बघत. की लस आहे, आणि ती मुलींइतकीच मुलांसाठीही आहे. की शरीरसंबंध सुरू व्हायच्या आधी, शाळकरी वयात घेतली तर सगळ्यात उपयोगी. तुमच्या वयातही घेता येते, डॉक्टरांना विचारून घ्या. की ती आधीच झालेली लागण बरी करत नाही. की घशातला हा विषाणू शोधायची रोजची तपासणी अजून नाही, म्हणून दोनतीन आठवड्यांत न गेलेली मानेची गाठ, एकाच बाजूला दुखणारा घसा, गिळताना अडकणं, यातलं काही असलं की थेट घशाच्या डॉक्टरकडे जायचं. आणि की सिगारेट, तंबाखू सोड, ती या सगळ्याला हातभार लावते.

एका दुपारी असाच एक माणूस आला. मळखाऊ शर्ट, हातात टोपी. पोरांपेक्षा वयानं मोठा. ताईनं सवयीनं आधी दात पाहिले. पुढचे दोन बसवलेले.

"अंगरखा कुठाय?" ताई म्हणाली.

"धुवायला टाकलाय," कंठगुरू म्हणाले आणि अंग चोरून खुर्चीच्या कडेवर बसले. मधाचा आवाज घरी राहिला होता. "राग धरू नका, ताई. पोटासाठी करतो माणूस. मी एक विचारायला आलो होतो. ती लस. माझा मुलगा सातवीत गेलाय. त्याच्या वयाला चालते का?"

"हेच वय. उत्तम."

"दुखते?"

"अजिबात नाही," ताई म्हणाली, आणि मग, "थोडी दुखते. दंड एक दिवस जड राहतो."

ते मान हलवत राहिले. ताईनं डॉक्टरीणबाईंचं नाव आणि वेळ कागदावर लिहून दिली. कागद त्यांनी दोनदा वाचला आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला.

"गुळणी नाही द्यायची का त्याला?" ताईनं विचारलं.

कंठगुरूंचा चेहरा दुखावला. खरोखरच दुखावला. "चेष्टा करू नका. पोराच्या जिवाचा प्रश्न आहे."

ताईनं खिडकीबाहेर पाहिलं. खाली बाजारात पाण्याचा पाइप फिरत होता, कुणीतरी पेट्या घासत होतं.

"हे वाक्य तुम्ही एकदा खाली हॉलमध्ये जाऊन म्हणा," ती म्हणाली. "असंच, याच आवाजात. की माझ्या पोराला मी लस देतो, गुळणी देत नाही. मी महिनाभर घसा फोडून सांगितलं तरी त्याच्या निम्म्यानंही पटणार नाही."

"मला मारतील ते."

"मारणार नाहीत. मी येते बरोबर."

ते टोपी चुरगळत बसून राहिले.

"ओट्यापुढे जी रांग लावायचात तुम्ही," ताई म्हणाली, "तिच्यातला प्रत्येक जण कुणाचा तरी पोरगा होता."

तिनं कोट काढून खुंटीला अडकवला, दार उघडलं आणि जिन्यापाशी जाऊन त्यांची वाट बघत उभी राहिली.